मुक्त सॉफ्टवेअरचं वीजबिल

जानेवारी २०१४ मधली गोष्ट. ओपनबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी जाहीर केलं की आमच्याकडे विजेचं बिल भरायला पैसे नाहीत, आणि त्याची सोय झाली नाही तर प्रकल्प बंद करावा लागेल. बिल किती? वर्षाला सुमारे वीस हजार डॉलर.

आता वीस हजार डॉलर म्हणजे आपल्यासारख्या पगारदाराला मोठी रक्कम, पण आयटीच्या जगात ती काहीच नाही. बऱ्यापैकी कंपनीचं वार्षिक संमेलन एखाद्या रिसॉर्टवर झालं की तेवढे सहज उडतात. आणि ही कुठल्या कोपऱ्यातल्या हौशी लोकांची सिस्टीम नव्हती. ओपनएसएसएच ह्यांचंच. लांबच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं ते साधन. लिनक्सवर तेच, मॅकवर तेच, नेटवर्कच्या कित्येक खोक्यांत तेच. बँका, टेलिफोन कंपन्या, सर्च इंजिनं, सगळ्यांचे सिस्टीम अ‍ॅडमिन रोज सकाळी कामाला बसले की पहिली कमांड ह्याचीच देतात. आणि ते लिहिणाऱ्यांकडे दिवे चालू ठेवायला पैसे नाहीत!

ही वेळ कशी आली, ह्याचा इतिहास मला फार रंजक वाटतो. इतिहास सॉफ्टवेअरचा आहे, पण त्यातला खरा प्रश्न पैशाचा आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी माणसं पैसे का देतात, कधी देतात, आणि कधी देत नाहीत? इंग्रजीत 'फ्री' ह्या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले असल्यामुळे त्या लोकांना ही चर्चा करताना दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे सुदैवाने 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन वेगळे शब्द आहेत. शब्द वेगळे असूनही आपण गल्लत करतो ती करतोच, कारण 'फुकट ते पौष्टिक' हेही आपल्याच भाषेत आहे :-)

सुरुवात करू टेपपासून. कॅसेटची नाही, मोठ्या कॉम्प्युटरवर चढवायची ती चुंबकीय टेप.

रिचर्ड स्टॉलमनने १९८४ च्या जानेवारीत एमआयटीमधली नोकरी सोडली आणि ग्नू प्रकल्पावर काम सुरू केलं. १९८५ च्या सुरुवातीला ग्नू ईमॅक्स हा त्याचा एडिटर लोक वापरू लागले. ज्यांच्याकडे इंटरनेट होतं ते तो एफटीपीने उतरवून घेत. पण त्या काळी इंटरनेट होतं किती जणांकडे? बाकीचे पत्र लिहून विचारत की आम्हाला कसा मिळेल. स्टॉलमनला तर नोकरी नव्हती. त्याने जाहीर केलं, १५० डॉलर पाठवा, मी टेपवर भरून पाठवतो. सॉफ्टवेअर मुक्तच होतं. टेप घेणारा पुढे दहा जणांना प्रती वाटू शकत होता. १५० डॉलर टेपचे आणि ती पाठवण्याच्या खटाटोपाचे. त्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं आणि टेपविक्रीचं हे काम पुढे फाउंडेशनकडे गेलं.

दुसरा किस्सा आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी एटी अँड टीच्या युनिक्सवर वर्षानुवर्षं भर घालून बीएसडी नावाची स्वतःची आवृत्ती तयार केली होती. १९८० पासून ह्या कामाला पैसा होता डार्पाचा, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.) इंटरनेटचा पाया असलेला टीसीपी/आयपीचा कोड ह्याच बीएसडीतून जगभर पसरला. अडचण एवढीच की बीएसडी घ्यायची तर आधी एटी अँड टीचं सोर्स लायसन्स घ्यावं लागे, आणि ते दिवसेंदिवस महाग होत चाललं होतं. मग जून १९८९ मध्ये बर्कलीने नेटवर्किंगचा स्वतःचा कोड वेगळा काढून 'नेटवर्किंग रिलीज १' ह्या नावाने प्रसिद्ध केला. अटी अगदी ढिल्या. कॉपीराइटची सूचना आणि आमचं श्रेय राहू द्या, बाकी काय वाट्टेल ते करा. टेपची किंमत एक हजार डॉलर. पण एकदा टेप घेतली की पुढे कोणालाही फुकट द्यायला मोकळीक.

साहजिकच कोणीतरी हजार डॉलर भरले, आणि काही मोठ्या साइट्सनी कोड एफटीपीवर ठेवूनही दिला. म्हणजे आता एक पैसा न देता तोच कोड, तसाच्या तसा, कोणालाही उपलब्ध. व्यवहारज्ञानी माणूस म्हणेल, संपली विक्री.

आणि तरीही शेकडो संस्थांनी हजार-हजार डॉलर भरून टेप विकत घेतली! खुद्द बर्कलीच्या मंडळींनाही ह्याचा आनंद वाटला, कारण त्या पैशावर पुढचं काम होणार होतं.

का भरले असतील? काहींना आदर असेल, कृतज्ञता असेल. पण मला वाटतं एक कारण ह्याहून फार साधं आहे: टेपला बिल होतं. मोठ्या संस्थेला वस्तू विकत घेता येते. ऑर्डर, पावती, बिल, सही, झालं काम. तीच संस्था देणगी द्यायला निघाली की सतरा जणांना विचारावं लागतं.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. २००९ च्या सुमारास मी पुण्यातल्या एका कंपनीत होतो. आमच्या ऑफिसचा फायरवॉल ओपनबीएसडीवर होता, बिचारा वर्षानुवर्षं तक्रार न करता चालत होता. मी मॅनेजरला म्हटलं, आपण ह्यांना दोनशे-तीनशे डॉलर देऊ या. मॅनेजर भला माणूस, लगेच हो म्हणाला. अडलं अकाउंट्समध्ये. "कशाचं बिल?" बिल नाही, देणगी आहे. "मग व्हेंडर कोड?" व्हेंडर नाहीत हो ते, सॉफ्टवेअर फुकट आहे. "फुकट आहे तर पैसे कशाला द्यायचे?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या फॉर्ममध्ये बसणारं नव्हतं. तीन आठवडे फाइल हिंडली. शेवटी आम्ही देणगीचा नाद सोडून सीडीचे पाच संच मागवले. इनव्हॉइस आलं, दोन दिवसांत मंजूर! पाच संचांतला एक मी उघडला, चार तसेच कपाटात राहिले. कोणालाच त्यांची गरज नव्हती. अकाउंट्सला मात्र होती.

आता ओपनबीएसडीकडे येऊ.

बर्कलीचा गट १९९५ मध्ये विसर्जित झाला. त्याआधीच त्यांच्या कोडवरून नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी हे दोन प्रकल्प निघाले होते. थिओ द राट हा नेटबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, राहणार कॅनडातल्या कॅलगरीचा. हुशार आणि तोंडाने फटकळ. बाकीच्यांशी खटके उडाले आणि डिसेंबर १९९४ मध्ये त्याला बाहेर पडायला सांगण्यात आलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याने नेटबीएसडीच्याच कोडवरून ओपनबीएसडी सुरू केली. 'ओपन' अशासाठी की कोडचं भांडार पहिल्यापासून सगळ्यांना बघायला खुलं ठेवलं. कोणी काय बदललं, कधी, का, हे कोणीही घरबसल्या वाचावं. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात विशेष काय असं वाटेल, पण तेव्हा ते नवलाचं होतं.

ह्या लोकांचं वेड एकच, सुरक्षितता. सगळा कोड ओळीनओळ पुन्हा वाचायचा, चुका शोधायच्या, आणि एक चूक सापडली की तशाच इतर चुका सगळ्या कोडमध्ये धुंडाळायच्या. कॅनडात असण्याचा एक फायदाही होता. तेव्हा अमेरिकेतून भक्कम एन्क्रिप्शन निर्यात करायला बंदी होती, आणि कॅनडाला ती लागू नव्हती. त्यामुळे एन्क्रिप्शनचं काम अमेरिकेच्या बाहेरच्या डेव्हलपरांनी करायचं आणि ते कॅलगरीतून जगभर द्यायचं, अशी व्यवस्था बसली. ओपनएसएसएच ह्यातूनच आलं. फिनलंडच्या तातू युल्योनेनच्या मूळ एसएसएचची पुढची आवृत्ती बंदिस्त होत गेली, तेव्हा एका जुन्या मुक्त आवृत्तीवरून ह्यांनी ते नव्याने उभं केलं आणि डिसेंबर १९९९ च्या ओपनबीएसडी २.६ बरोबर दिलं. २००१ च्या ३.० मध्ये पीएफ हा पॅकेट फिल्टर आला. तो आज फ्रीबीएसडीत आहे, मॅकमध्येही आहे.

ह्या सगळ्याला पैसा कुठून? सीडी विकून. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, बहुतेक वेळा मे आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला, आणि प्रत्येक आवृत्तीचा सीडीचा संच. किंमत काळानुसार साधारण तीस ते पन्नास डॉलर. वर पफी ह्या काटेरी फुगऱ्या माशाचं चित्र, आत स्टिकर, आणि ३.० पासून प्रत्येक आवृत्तीचं एक खास गाणंसुद्धा!

ह्यात एक गमतीदार युक्ती होती. सॉफ्टवेअर पूर्ण मुक्त. एफटीपीवर प्रत्येक फाइल ठेवलेली, घ्या, बदला, विका. पण सीडीवर त्या फाइली ज्या प्रकारे मांडल्या होत्या, त्या मांडणीचा कॉपीराइट थिओचा. म्हणजे तुम्ही फाइली उतरवून स्वतःची सीडी खुशाल बनवा, पण अधिकृत सीडीची हुबेहूब प्रत काढून वाटू नका. अनेकांनी ह्यावर नाकं मुरडली, की मुक्त म्हणवता आणि हे काय? मला मात्र ही तडजोड प्रामाणिक वाटते. कोडला हात लावला नाही, कोणाचं स्वातंत्र्य काढून घेतलं नाही. फक्त आळसाची किंमत लावली! ज्याला वेळ आहे त्याने स्वतः जुळवावं, ज्याला नाही त्याने तीस-चाळीस डॉलर द्यावेत.

आपल्याकडे त्या काळी सीडीचं महत्त्व जरा वेगळ्या कारणाने होतं. घरी डायल-अप. उत्तम दिवस असेल तर सेकंदाला पाचेक किलोबाइट. ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायची तर हिशेबाने छत्तीस तास, आणि फोनची लाइन तेवढा वेळ टिकेल तर शपथ. त्यामुळे १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येऊ लागली, तेव्हा आमच्या पिढीतल्या कित्येकांची मुक्त सॉफ्टवेअरशी ओळख तिथूनच झाली. मासिकाची किंमत मोजली म्हणून सिस्टीम मिळाली. वस्तू हातात आणि पैसे दुकानदाराला, हा व्यवहार कळायला सोपा. परदेशातून सीडी मागवणं मात्र सर्वांना जमणारं नव्हतं, कारण त्यासाठी आधी क्रेडिट कार्ड हवं.

असो. तर सीडीच्या ह्या पैशावर सर्व्हर चालत, आणि हॅकेथॉन भरत. हॅकेथॉन हा शब्द आज कॉलेजच्या गॅदरिंगसारखा सगळीकडे ऐकू येतो, पण ह्या मंडळींनी तो जून १९९९ मध्येच कॅलगरीत वापरला होता. एन्क्रिप्शनच्या कोडवर काम करायला दहा डेव्हलपर एकत्र जमले होते. एरवी जगभर विखुरलेली माणसं वर्षातून आठवडाभर एका छताखाली बसली की सहा महिन्यांचं काम होऊन जातं, हा अनुभव प्रोजेक्टवर काम केलेल्या कोणालाही पटेल.

आणि मग आला मोठा पैसा.

२००१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत डार्पाने मुक्त सॉफ्टवेअरची सुरक्षितता वाढवण्यासाठी वीस लाखांहून अधिक डॉलरचं अनुदान दिलं. त्यातला मोठा वाटा ओपनबीएसडीला, काही ओपनएसएसएलच्या डेव्हलपरांना. (ओपनएसएसएल वेगळं, ओपनएसएसएच वेगळं. पहिलं वेबसाइटच्या एन्क्रिप्शनसाठी. नावं सारखी असली तरी ही दोन घरं निराळी आहेत.) प्रथमच काही जण पूर्ण वेळ पगारावर काम करू लागले. सीडी किती खपल्या ह्याची रोजची चिंता संपली.

मार्च २००३ मध्ये इराक युद्ध सुरू झालं. एप्रिलमध्ये कॅनडाच्या 'ग्लोब अँड मेल' ह्या वृत्तपत्राने थिओला ह्या अनुदानाबद्दल विचारलं. पैसा अमेरिकी लष्कराच्या संस्थेकडून येतो ह्याची मला अस्वस्थता वाटते, पण निदान तेवढ्या पैशाचं क्षेपणास्त्र तरी बनत नाही, अशा अर्थाचं तो बोलून गेला. पुढच्या काही दिवसांत अनुदान थांबलं. महिनाभरावर आलेल्या हॅकेथॉनचा खर्चही त्यातूनच व्हायचा होता. लोकांची विमानाची तिकिटं काढून झालेली, राहण्याची व्यवस्था झालेली. पैसे गेले, पण हॅकेथॉन ठरल्याप्रमाणे मे महिन्यात कॅलगरीत झालीच.

त्याने तोंड आवरायला हवं होतं का, ह्यावर आजही दोन तट पडतात. पण मला त्यातून दिसतं ते वेगळंच. सीडी विकत घेणाऱ्या हजारो लोकांमध्ये युद्धाच्या बाजूचे असतील, विरोधी असतील, थिओला शिव्या देणारेही असतील. त्यांपैकी कोणाच्याच हातात प्रकल्पाचा गळा नव्हता. एखादा रागावला असता तर चाळीस डॉलर कमी झाले असते, एवढंच. एकच मोठा दाता असला की त्याचं एक पत्र पुरतं.

हे सरकारी पैशापुरतंच खरं आहे असंही नाही. शेजारच्या फ्रीबीएसडीचं उदाहरण घ्या. १९९३ च्या तिच्या १.० आवृत्तीपासून कॅलिफोर्नियातली वॉलनट क्रीक सीडीरॉम ही कंपनी पाठीशी उभी होती. सीडी छापायची, विकायची, सर्व्हर द्यायची, काही डेव्हलपरांना पगारही द्यायची. मग २००० साली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, २००१ मध्ये तिचा सॉफ्टवेअरचा धंदा विंड रिव्हरने घेतला, आणि त्याच वर्षात विंड रिव्हरने फ्रीबीएसडीतून अंग काढून घेतलं. ह्यात कोणी खलनायक नाही. धंद्याची गणितं बदलली, इतकंच. पण एका खांबावरचं घर हे असं असतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे २००० मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशन स्थापन झालेलं होतं. पुढे ह्या फाउंडेशनला नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा सहसंस्थापक यान कूम ह्याने स्वतःच्या खिशातून दहा लाख डॉलर दिले. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर फ्रीबीएसडीवर उभे राहिले होते, त्याची ही जाण.

तिकडे कॅलगरीत मात्र ओढाताण वाढत होती. घरोघरी ब्रॉडबँड आलं आणि सीडीची गरजच संपत चालली. आळसाची किंमत लावण्याची युक्ती चालते कधी? स्वतः जुळवायला कष्ट पडतात तोवर. २००६ च्या मार्चमध्ये बातमी आली की प्रकल्प तोट्यात आहे. तेव्हा ओपनएसएसएच आपल्या उत्पादनांत घालून विकणाऱ्या बड्या कंपन्यांवर थिओ जाहीरपणे उखडला. नियमाने त्यांचं काही चुकत नव्हतं, लायसन्सच तसं आहे. पण आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. त्या वर्षी मोझिला फाउंडेशनने दहा हजार डॉलर दिले, गोडॅडीनेही दिले, आणि वेळ निभावली. २००७ मध्ये ओपनबीएसडी फाउंडेशन ही ना-नफा संस्था कॅनडात रीतसर स्थापन झाली, म्हणजे कंपन्यांना चेक कोणाच्या नावाने लिहायचा हा प्रश्न तरी सुटला.

आणि आपण परत आलो जानेवारी २०१४ ला.

विजेचं बिल इतकं का यायचं? कारण थिओच्या घराच्या तळघरात चालू असलेली मशिनं. ओपनबीएसडी डझनभर प्रकारच्या प्रोसेसरवर चालायची, त्यात व्हॅक्ससारखी जुनी धुडंही होती, आणि प्रत्येक आवृत्ती त्या-त्या खऱ्या मशिनवरच बांधली जायची. बातमी आल्यावर अर्थातच सल्ल्यांचा पाऊस पडला. ती भंगारं बंद करा, एम्युलेटर वापरा, क्लाउडवर जा. ह्यांचं उत्तर असं की वेगळ्या घडणीच्या खऱ्या मशिनवर कोड चालवला की अशा चुका उघड्या पडतात, ज्या नेहमीच्या पीसीवर वर्षानुवर्षं लपून बसतात. ही चैन नव्हती, तपासणीची पद्धत होती. (व्हॅक्स शेवटी २०१६ मध्ये सोडलंच.)

ह्या वेळी प्रतिसाद जोरात आला. रुमानियातल्या एका बिटकॉइन उद्योजकाने थेट वीस हजार डॉलर दिले, म्हणजे वर्षाचं बिल मिटलं. फाउंडेशनने वर्षासाठी दीड लाख डॉलरचं उद्दिष्ट ठेवलं होतं, तेही पार झालं. त्यात कंपन्या होत्या, तशाच दहा-वीस डॉलर देणाऱ्या साध्या माणसांचीही रांग होती.

आणि तीनच महिन्यांनी, ७ एप्रिल २०१४ ला, हार्टब्लीड फुटलं. ओपनएसएसएलमधल्या एका चुकीमुळे जगभरच्या सर्व्हरच्या मेमरीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेर काढता येत होत्या. दोन वर्षं ती चूक तशीच पडून होती. मग लोकांनी विचारलं, हे सांभाळतं कोण? कळलं की मूठभर माणसं, आणि वर्षाला देणग्या जेमतेम दोन हजार डॉलरच्या आसपास. जगाच्या इंटरनेट बँकिंगचं कुलूप, आणि त्याच्या देखभालीला दोन हजार डॉलर! महिना संपायच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने बड्या कंपन्या एकत्र आल्या आणि प्रत्येकीने वर्षाला एक लाख डॉलर असे तीन वर्षं द्यायचं कबूल केलं. इकडे ओपनबीएसडीवाल्यांनी काय केलं? ओपनएसएसएलचा कोड घेऊन साफसफाई सुरू केली, पहिल्याच आठवड्यात नव्वद हजारांहून जास्त ओळी काढून टाकल्या, आणि त्याला लिबरएसएसएल असं नाव दिलं. जानेवारीत दिवे बंद झाले असते तर एप्रिलमध्ये झाडू मारायला हे लोक नसते.

म्हणून मला त्या वीस हजारांच्या बिलाचं इतकं महत्त्व वाटतं. पैसे कमी पडतात तेव्हा सॉफ्टवेअर लगेच बंद पडत नाही. ते चालूच राहतं, आणि तीच खरी गोची आहे. फक्त ते वाचणारे डोळे कमी होत जातात. पूल एका दिवसात कोसळतो, पण त्याआधी कित्येक वर्षं त्याची तपासणी झालेली नसते, तसं.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये एसएसएच आणायचं जाहीर केलं आणि पाठोपाठ ओपनबीएसडी फाउंडेशनचा पहिला 'गोल्ड' दाता म्हणून तिचं नाव लागलं. वीस वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. गुगल, फेसबुकही देणगीदारांच्या यादीत आले. २०१८ पर्यंत ओपनएसएसएच विंडोज १० बरोबर मिळायला लागलं.

आणि सीडी? सप्टेंबर २०१६ ची ६.० ही सीडीवर निघालेली शेवटची आवृत्ती. २०१७ ची ६.१ फक्त डाउनलोडवर आली. तेव्हा बहुतेक लॅपटॉपना सीडीचा खणच उरला नव्हता, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. पण सीडीबरोबर ते बिलही गेलं. आता जे काही द्यायचं ते देणगी म्हणून, आपण होऊन आठवण ठेवून. गणपतीत वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात येतात म्हणून आपण देतो. कोणी आलंच नाही तर किती जण आपण होऊन मंडपात जाऊन पैसे देतील, ह्याचा विचार करून बघा.

आजचं चित्र २००६ पेक्षा बरं आहे, पण त्यातली एक गोष्ट मला खटकते. पैसा आता मुख्यतः मोजक्या मोठ्या कंपन्यांकडून येतो. त्यांनी द्यायलाच हवा, वापर त्यांचाच सर्वांत जास्त आहे. पण २००१ आणि २००३ विसरू नये. मोठा दाता कधी ना कधी जातो. रागावून जातो, विकला जातो, किंवा त्याचा नवा साहेब खर्चाला कात्री लावतो. अशा वेळी प्रकल्पाला ताठ उभं राहता येतं ते हजारो छोट्या देणाऱ्यांमुळे. रक्कम लहान असेल, पण ती एका पत्राने बंद होत नाही. थिओसारख्या फटकळ माणसाला कोणाचीही भीड न ठेवता "हा कोड वाईट आहे, घेणार नाही" असं म्हणता यावं, ह्याची किंमत आपण भरत असतो. आणि सुरक्षिततेच्या कामात नाही म्हणता येणं हेच तर निम्मं काम आहे.

भारतातून पैसे देणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. ८०जी ची सवलत परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळत नाही, तेव्हा त्या आशेने देऊ नका. दर महिन्याला कार्डावरून आपोआप पैसे जातील अशी व्यवस्था पूर्वी सोपी होती. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाल्यावर परदेशी वर्गण्यांचे असे व्यवहार बऱ्याच जणांचे अडू लागले. माझाही अडला. मग मी सरळ जुनी पद्धत धरली. नवी आवृत्ती आली की आधी मशिन अपग्रेड करतो, सगळं नीट चालतंय ना ते बघतो, आणि सीडीच्या संचाला जेवढे पडत तेवढे, म्हणजे चाळीस-पन्नास डॉलर, फाउंडेशनला पेपालने पाठवतो. वर्षातून दोनदा. सीडी येत नाही, स्टिकर येत नाही, बिल मीच माझ्या मनाशी फाडतो.

तुमची आवडती सिस्टीम दुसरी असेल. डेबियन असेल, फ्रीबीएसडी असेल, किंवा तुमच्या रोजच्या कामातली एखादी छोटी लायब्ररी असेल जी कुठल्यातरी गावात एक माणूस रात्री जागून सांभाळतोय. ती टेपवर आली असती तर आपण किती मोजले असते, एवढा आकडा मनाशी ठरवा. आणि ह्याच शनिवारी-रविवारी पाठवून द्या.